आक्काताई परत पडवीत आली

बाजूला बसायची चाल मोडली ते लय बरं झालं, असं शालूबाई आजही ठणकावून सांगते. नातींपैकी कुणी सहज "आजी, तुमच्या येळंला कसं हुतं गं?" म्हणून विचारलं की तिचा पारा चढतो. "कसं हुतं म्हंजे? भाकरी वरनं टाकायचे, पाणी वरनं वतायचे. माणसाला कुणी असं वागवतं व्हय?" म्हणून ती फणकारते. पण मग तिचाच चेहरा हळूहळू निवळतो, नजर परड्याकडं जाते आणि ती म्हणते, "पर तवा आक्का हुती गं माझ्याजवळ." एवढं बोलली की तिला थांबवणं कुणाच्या बापाच्यानं होत नाही.

शालूबाई मूळची पाटणकडची. लग्न होऊन शिराळ्याजवळच्या ह्या गावात आली तेव्हा नवरा धनाजी फौजेत होता, वर्षातून एकदा रजेवर यायचा. घरात सासू राहीबाई, थोरला दीर सयाजी आणि त्याची बायको आक्काताई. गावातल्या बाकीच्या घरांत बायका त्या दिवसांतही सरळ भांगलायला जायच्या. चुलीला आणि देवाला शिवल्या नाहीत की झालं. पण ह्या घराकडं भैरोबाच्या पालखीचा मान होता, आणि त्या मानाचं सगळं ओझं राहीबाईनं आपल्या सोवळ्यावर घेतलं होतं. सुनेला कावळा शिवला की तिनं मुकाट्यानं घरामागच्या परड्यातल्या पडवीत जायचं, गोठ्याच्या शेजारी, आणि न्हाऊन शुद्ध होईपर्यंत तिथंच राहायचं. त्यात सवलत नाही, हयगय नाही.

आता खोटं कशाला बोला, शालूबाईला सुरुवातीला तिथं रडूच यायचं. एकतर तो शेणामुताचा वास, आणि त्यात दर महिन्याला पडवीत यायचं म्हणजे याही महिन्याला पोटात काही राहिलं नाही, हे साऱ्या घराला कळायचं. पण दोन-चार महिन्यांत काय झालं कुणास ठाऊक, दोघी जावांची पाळी एकदमच यायला लागली. मग तर राहीबाईचा नुसता संताप. दोन्ही सुना पडवीत आणि दळण, पाणी, चूल सगळं म्हातारीच्या गळ्यात! "एकदमच कसा गं कावळा शिवतो दोघींना? ठरवून करताय व्हय?" म्हणून ती दारातनं ओरडायची. आक्काताई तोंडाला पदर लावून खुसखुसायची.

आक्काताई म्हणजे हसण्याचं कोठार. वयानं शालूबाईपेक्षा बरीच थोरली, दोन लेकी नांदायला गेलेल्या, पण अंगात पोरसवदा खोडी. बोटानं मिश्री लावत बसायची आणि साऱ्या गावाच्या नकला करायची. सासूची करायची, सरपंचाची करायची, फौजेतनं आलेल्या दिराची तर अशी करायची की शालूबाई लाजून चूर. दोघी मिळून वाकळ शिवत बसायच्या. जुन्या लुगड्यांचे पदर जोडायचे, टाके घालायचे आणि बोलायचं. घरात असताना बोलायला फुरसत होती कुणाला? पहाटेपासून जातं, विहीर, वैरण, चूल. बसायला मिळायचं ते ह्या पडवीतच. मधेच शालूबाईचे डोळे भरून यायचे, की सहा वरसं झाली अन् पाळणा हलंना. तेव्हा आक्काताई तिला मनसोक्त रडू द्यायची, डोक्यात बोटं फिरवायची आणि म्हणायची, "रड बया, रड. पर टाका वाकडा घालू नगंस." मग दोघी हसायला लागायच्या ते गोठ्यातली म्हैस बुजेपर्यंत.

आणि मग एक दिवस आक्काताईची पाळी थांबली. वयच झालं होतं. राहीबाई खूश झाली, की चला, एक हात तरी घरात राहिला. शालूबाई मात्र पडवीत एकटी पडली. वाकळ तशीच गुंडाळून ठेवलेली असायची. आक्काताई वरनं भाकरी टाकायला यायची, लांब उभी राहून एखादी नक्कल करून दाखवायची, पण लांबून काय मजा येणार? असं दोनेक वर्षं चाललं. शालूबाई त्या चार भिंतींवर चिडायची आणि त्यांतल्याच गेल्या दिवसांची आठवण काढत बसायची.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. चैत्रातलं ऊन तापलं होतं. शालूबाई पडवीत सुपात शेंगा घेऊन बसली होती, एवढ्यात आक्काताई काखेत घोंगडं मारून दारात उभी.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "कावळा परत आलाय."

"अगं बया! खरं?"

"मग काय खोटं? तुझ्या भावजीस्नी सांग आता, बायकू परत तरणी झाली म्हनावं!"

दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की आतनं राहीबाई काय झालं म्हणून बघायला आली. शालूबाईला तर वाटलं, देवानं आपली मैत्रीणच परत दिली. वाकळ निघाली, सुई-दोरा निघाला. पुढच्या खेपेला तर आक्काताई आठ दिवस बसून होती, मग दोन दिवस घरात, की परत पडवीत. राहीबाई वैतागली, पण म्हणाली, "येतं एखादीला म्हातारपणी." आज कुणीही शहाणी बाई सांगेल, की थांबलेलं परत सुरू होतं ते बरं लक्षण नव्हे. पण त्या घरात तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आक्काताईच्या जिवावर बेतत होतं आणि दोघी जावा त्यावर टाळ्या देऊन हसत होत्या.

चैत्रातच धनाजी रजेवर आला होता. फौजेत चार माणसांत राहून त्याला जरा बाहेरचं कळायला लागलं होतं. मूल होत नाही तर दवाखान्यात दाखवू, म्हणून तो शालूबाईला सांगलीला घेऊन गेला. गावभागात आठल्ये डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांनी तपासलं, आतनं एका लाकडी पट्टीनं काहीतरी पुसून काचेवर घेतलं आणि काच मिरजेला पाठवली. आठवड्यानं दोघांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "पिशवीच्या तोंडाची कातडी बिघडायला लागली आहे. अजून वाईट काही नाही, पण वाईटाकडं जाऊ शकतं. तीन महिन्यांनी परत काच घेऊ. वाढलं असेल तर मग उपाय करावा लागेल."

शालूबाईनं ऐकलं ते एवढंच, की पिशवी काढणार. घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं ते आक्काताईला. आक्काताईनं तिला पोटाशी धरलं आणि पहिल्यांदाच तिला नक्कल सुचली नाही.

राहीबाईनं मात्र लगेच इलाज काढला. शालूबाईच्या हातावर लग्नाच्या आधीपासून चामखिळी होत्या, बोटांवर, मनगटावर, चांगल्या डझनभर. घोड्याचा केस बांधून झाला होता, चुना लावून झाला होता. चामखीळ जायला भैरोबाला मीठ आणि केरसुणी वाहायची, ही त्या गावची रीत. राहीबाई म्हणाली, "हातावरच्याला चालतं ते आतल्याला का चालायचं न्हाई? वाहा केरसुणी." शालूबाईनं वाहिली. बुडत्याला काडीचा आधार, अशी तिची गत झाली होती, केरसुणी तर केरसुणी.

आणि काय नवल! ज्येष्ठाच्या अखेरीला तिच्या हातावरच्या चामखिळींना खाज सुटली. त्या लाल झाल्या, मग काळ्या पडल्या आणि भाकरी थापता थापता एकेक करून गळून गेल्या. बारा वर्षं चिकटून बसलेल्या चामखिळी पंधरा दिवसांत गुल. राहीबाईनं आळीभर सांगितलं. आषाढात सयाजीबरोबर शालूबाई परत सांगलीला काच देऊन आली, आणि निकाल ऐकायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाई चक्क हसत होत्या.

"साफ आहे," त्या म्हणाल्या. "बिघाडाचा मागमूस नाही. काही करायची गरज नाही."

शालूबाईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. तिनं हात पुढं करून दाखवले, केरसुणीचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते हात उलटेपालटे करून नीट बघितले.

"केरसुणी वाहिलीत ते असू दे. पण हे तुमच्या अंगानंच निस्तरलं आहे. अंगात राखणदार असतात, बाई, गावात जागल्या असतो ना, तसे. पण चामखिळीचा जंतू असतो लबाड. तो रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही. कातडीतल्या कातडीत दडून बसतो. राखणदारांना वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही. पण एकदा का ओळख पटली, की मग ते धाड घालतात आणि पंधरा दिवसांत हाकलून लावतात. पिशवीच्या तोंडाला जे होतं, तेही ह्याच जातीच्या एखाद्या जंतूमुळं असावं, असं आता परदेशातले काही डॉक्टर म्हणायला लागलेत. नक्की अजून कुणालाच सांगता येत नाही."

शालूबाईला निम्मं कळलं, निम्मं नाही. पण जीव असा हलका झाला होता की तिची जीभ मोकळी सुटली. दिराला बाहेर बाकड्यावर बसवून ती डॉक्टरीणबाईंना घरच्या गमती सांगायला लागली. पडवी सांगितली, वाकळ सांगितली, राहीबाईचं सोवळं सांगितलं आणि हसत हसत म्हणाली, "आनि आमची आक्काताई तर बघा की, थांबून दोन वरसं झाली हुती, ती परत बसायला लागलीया. म्हातारी तरणी झाली!"

डॉक्टरीणबाईंचं हसू जागच्या जागी विरलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"चैत्रापासनं."

"ती पाळी नव्हे," त्या म्हणाल्या. "ते जखमेचं रक्त असू शकतं. तुमचं सुरू व्हायच्या आत गेलं. त्यांचं बहुतेक पुढं गेलं आहे. घेऊन या त्यांना. उद्या जमलं नाही तर परवा, पण आणा."

शिराळ्यापर्यंतची वाट शालूबाईला सरता सरेना. घरी पोचली ती सरळ पडवीत. सगळं सांगितलं, जागल्या सांगितला, लबाड जंतू सांगितला, धाड सांगितली. आक्काताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बरंच झालं की. तुझं काय औषधानं गेलं? बिनऔषधाचं गेलं. माझंबी जाईल. मी बी वाहिलीया केरसुणी."

"आवं आक्का, तुमचं निराळं हाय!"

"का? माझ्या अंगातलं राखणदार काय झोपल्यात व्हय?"

शालूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. तिचं बरं होणंच आता आड आलं होतं! ती जितकं सांगायला जाई, तितकी आक्काताई तिचेच गुळगुळीत झालेले हात तिच्यापुढं धरून दाखवी. दिराला सांगावं तर तो म्हणाला, "बायकांच्यातलं मला काय इचारतीस?" राहीबाईनं तर बोलूच दिलं नाही. धनाजी सीमेवर गेलेला. एका दुपारी मात्र आक्काताईच हळू आवाजात म्हणाली, "शाले, तिथं गेले आनि त्या बाईनं काय वंगाळ सांगितलं तर? हितं बरं हाय गं. तू हाईस, मी हाय, आपली वाकळ हाय. चार दिस हसत काढू." शालूबाईला त्या पडवीचा तेव्हा पहिल्यांदा इतका राग आला की तिला ती पेटवून द्यावीशी वाटली.

श्रावण उजाडला, नागपंचमी आली. त्या दिवशी शिराळ्याकडं जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता फुलून गेलेला. घरात तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही, चिरायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. राहीबाई ओलेत्यानं स्वयंपाक करत होती आणि शालूबाई न्हाऊन-धुऊन तिच्या हाताखाली होती. आक्काताई पडवीत होती. गेले पंधरा दिवस ती तिथनं हललीच नव्हती.

दुपारी शालूबाई तिला पाणी द्यायला गेली. आक्काताईनं ओंजळ पुढं केली आणि ती ओंजळ थरथरत होती. वरनं ओतलेलं पाणी बोटांतनं सांडून गेलं, तोंडापर्यंत गेलंच नाही. चेहरा हळदीसारखा पडला होता. "परत वत," ती म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला. शालूबाईला ते हसणं बघवलं नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि आक्काताईचं मनगट धरलं.

"आगं ए! शिवतीस काय? सणाचा दिस हाय!"

"चला."

"शाले, सोड! आत्याबाई मारत्याल!"

शालूबाईनं सोडलं नाही. तिला कमरेत धरून उठवली, परडं ओलांडलं, मागच्या दारानं आत घेतली आणि थेट चुलीपुढं नेऊन उभी केली. राहीबाईच्या हातातली पळी तशीच राहिली.

"बाटवलंस!" ती किंचाळली. "देवाचा निवद हाय त्यो! डोकं फिरलंय व्हय तुझं?"

"न्हाई बाटलं, आत्याबाई." शालूबाई आयुष्यात पहिल्यांदा सासूपुढं मान वर करून बोलत होती. "इटाळ न्हवंच हा. जखम हाय. पायाला कुऱ्हाड लागली तर पडवीत बसवता काय कुणाला? दवाखान्यात नेता का न्हाई? मग हिला न्या. न्यायची नसंल तर मीबी हितनं पुढं चुलीला हात लावणार न्हाई. मीबी आता हिला शिवलीया. हाकला दोघींस्नी."

चुलीवरचं पाणी खदखदत होतं. राहीबाईनं आक्काताईला खालपासून वरपर्यंत बघितलं, जवळ आली आणि एकदम खालच्या आवाजात विचारलं, "वास येतो?"

आक्काताईनं मान खाली घातली. "येतो."

राहीबाई मटकन पाटावर बसली. "बनुबाईलाबी यायचा," ती म्हणाली. बनुबाई म्हणजे तिची स्वतःची थोरली जाऊ. सुनांनी नुसतं नाव ऐकलेलं. "तिचंबी असंच परत आलं हुतं. वरीसभर त्या पडवीत बसली आनि तिथंच गेली. मरताना पानी पानी करत हुती, तर आमी तेबी वरनंच वतलं." मग ती उठली. हात पुसले. आणि जिनं जन्मात कधी बाजूच्या बाईची सावली अंगावर घेतली नव्हती, तिनं आक्काताईचा दंड धरला, तिला पाटावर बसवलं, देवाला दाखवायच्या आधी ताटलीत गरम दिंड वाढलं आणि वर तुपाची धार धरली. "खा," ती म्हणाली. "सकाळच्या यष्टीनं सांगलीला जायचंय. मी बी येती."

खरंच आली. जन्मात यष्टीत न बसलेली म्हातारी दोन सुनांच्या मधे बसली आणि सांगलीपर्यंत दोघींचे हात तिनं सोडले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी तपासून तुकडा काढून घेतला, मिरजेला ऑपरेशन ठरलं. शेताची कामं सोडून सयाजी पंधरा दिवस मिरजेत राहिला, बायकांच्यातलं असूनही.

दिवाळीच्या सुमाराला तिघी परत आठल्येबाईंकडं दाखवायला गेल्या. त्यांनी सगळं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "वेळेत आणलंत. आणखी काही महिने गेले असते, तर ऑपरेशनच्या पलीकडं गेलं असतं. आता काळजीचं कारण दिसत नाही. येत राहा मात्र."

आक्काताईच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला होता. ती पदर सारखा करून उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"बाई, एक इचारू? हिच्या अंगाला कळलं, त्यानं हाकलून लावलं. मग माझ्या अंगाला का कळलं न्हाई? मी काय वाईट वागले हुते कुणाशी?"

"नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याचा वागण्याशी काही संबंध नाही. बहुतेक बायकांच्या अंगाला कळतं. एखादीच्या कळत नाही. का कळत नाही, ते मला माहीत नाही. अजून कुणालाच माहीत नाही."

आक्काताईनं थोडा विचार केला. मग शालूबाईच्या गळ्यात हात टाकून, एवढ्या मोठ्यानं की बाहेरच्या बाकड्यावरच्या बायकांनीही ऐकावं, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माझ्या अंगाला न्हाई कळलं, पर माझ्या जावंला कळलं."

शालूबाई तिथंच, डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढं, लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडायला लागली.